समुद्राचा नमुना

श्रेयांसशेठचा समुद्रावर राग होता आणि समुद्राला त्याचा पत्ता नव्हता. जालन्यापासून समुद्र इतका लांब, की इथं आपल्या नावानं कोणी दातओठ खातंय हे त्याला कळायचं काही कारणही नव्हतं. तरी सकाळी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दुकानाच्या गादीवर टेकले की शेठ पहिली शिवी मनातल्या मनात समुद्राला देत आणि दुसरी त्यात होड्या घालणाऱ्यांना. मग अगरबत्ती लावत.

कारण त्यांच्या मस्तगडच्या घराच्या गच्चीवर होतं. लांबट, केशरी, प्लास्टिकची एका माणसाची होडी. तिला कयाक म्हणतात. त्यांच्या मुलीनं, शिखानं, ती पुण्याच्या मैत्रिणीकडून जुनी म्हणून आणली होती. शेजारच्या चतुराबाई पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "म्हशीला आंबोण ठेवाया बरी हाय." शेठच्या आई तारादेवी त्याहून व्यवहारी. त्यांनी तिच्यात धुतलेलं पातळ अंथरून मुगाच्या वड्या वाळत घातल्या. होडीचा खरा उपयोग या घरात फक्त आईला कळला, असं शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शिखा काही वड्या वाळवायला होडी आणणारी नव्हती. वर्षातून दोनदा कोकणात जाऊन ती समुद्रात कयाक चालवायची, आणि आता मालवणच्या बाजूनं किनाऱ्या-किनाऱ्यानं आठवडाभर जाणाऱ्या एका गटात तिचं नाव लागलं होतं. सोमवारी निघायचं होतं. घरात कोणाचं काही म्हणणं नव्हतं, म्हणजे म्हणणं होतं पण बोलायला वेळ मिळाला नव्हता. तेवढ्यात समाजाच्या एका जेवणावळीत रतनलालकाकांनी, पंगत भरात असताना, मोठ्यानं विचारलं, "श्रेयांस, पोरगी समुद्रात होडी चालवून राह्यली म्हणे? बिलकुल एकटी?"

सगळी पंगत घास हातात धरून थांबली. रतनलालकाका म्हणजे शेठच्या वडिलांचे चुलतभाऊ. समाजातल्या कोणत्याही लग्नाला त्यांनी मान हलवल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. शेठच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई काकासा. शिखा जाणार न्हाई. ही माझी जबान."

आता जबान म्हणजे काय, हे मोंढ्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. तिथं ट्रकभर माल नुसत्या बोलण्यावर इकडून तिकडं होतो. शेठचे आजोबा एकदा तुरीच्या सौद्यात बसले असताना समोरच्यानं भाव सांगितला, त्याच वेळी आजोबांची मान ठसक्यानं हलली. समोरचा म्हणाला, ठरलं. आजोबांनी चढ्या भावात ती सगळी तूर घेतली आणि मरेपर्यंत ठसका आला की मान घट्ट धरून ठेवली. अशा घराण्यातल्या माणसानं भर पंगतीत जबान दिली होती, आणि ज्या मुलीच्या नावानं दिली तिला विचारलंही नव्हतं.

शिखाला ते त्याच संध्याकाळी कळलं. ती ओरडली नाही, याचाच शेठना जास्त राग आला.

"पप्पा, तुम्ही कधी पाण्यात होडीवर बसले का?"

"विहिरीत माणूस बुडतो हे कळायला आधी बुडून बघावं लागतं का?"

"मोंढ्यात तुम्ही पोत्यात परखी न खुपसता माल नापास करता का?"

परखी म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायची टोकदार नळी. त्या मूठभर दाण्यांवर अख्ख्या पोत्याची पत ठरते. नमुना न बघता माल परत करणारा अडत्या म्हणजे मोंढ्यात चेष्टेचा विषय. शेठची बायको रुचि घरात भांडण वाढायला लागलं की पोळ्या लाटायला घेते. त्या दिवशी तिनं चार माणसांत वीस माणसांच्या पोळ्या लाटल्या.

मग शेठनं ठरवलं, की समुद्राचा नमुना काढायचा. होडी तीच, पाणी इथलंच. एकदा बसायचं, धोका डोळ्यांनी बघायचा, आणि मग पुराव्यानिशी 'नापास' म्हणून सांगायचं. निकाल आधीच ठरला होता हे खरं. पण निकाल आधी ठरवून चौकशी करणारे ते काही पहिलेच नव्हते.

पाणी शोधायला ते एका तलावाच्या कचेरीत गेले. तिथले साहेब म्हणाले, इथं मासेमारीचा ठेका आहे, मासे धरायचे असतील तर ठेकेदाराला भेटा. शेठ म्हणाले, मी जैन आहे, मला मासे नकोत, बसायचंय. साहेब म्हणाले, नुसतं बसायचा नियम नाही. होडी समुद्री आहे म्हणता, तर समुद्राच्या खात्याची परवानगी आणा. शेठनं तिथंच उभ्या उभ्या मुंबईला फोन लावला. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, "जालना जिल्ह्याला समुद्र नसल्यामुळे आपला प्रश्न उद्भवत नाही." उद्भवलेला प्रश्न फोन कानाला लावून कचेरीत उभा होता आणि संतापानं लाल झाला होता.

चतुराबाईंच्या मते होडीला आधी लिंबू-मिरची बांधायला हवी होती. तारादेवींचा विरोध वेगळाच. "बिनागाळल्या पाण्यात पाय घालायचा न्हाई, बेटा. किती जीव मरतात." त्यातला एक जीव आपल्या मुलाचाही असू शकतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

शेवटी शेठना पुंजाराम आठवला. तीर्थपुरीजवळ त्याची मोसंबीची बाग, बागेला शेततळं, आणि त्याचा सगळा माल शेठच्याच अडतीवर. फोन केला तर तो म्हणाला, "या की शेठ! तळं तुमचंच हाय." शेठनं बजावलं, की कोणाला सांगू नको. पुंजारामनं शपथ घेतली. रविवारी दुपारी शिखा सामान आणायला बाजारात गेल्याचं बघून शेठनं वड्या परातीत काढल्या, होडी टेंपोत टाकली, वल्हं आणि शिखाचं फुगीर जाकीट उचललं आणि निघाले.

बागेच्या फाटकावर कमान होती. कमानीवर शेठचा फोटो होता.

आत मांडव घातलेला, सतरंज्या अंथरलेल्या, चहाचं मोठं पातेलं उकळत होतं, आणि फाटकापासून बांधापर्यंत माणसं बसली होती. पुंजारामचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ हातात माईक घेऊन उभा. "आपल्या पंचक्रोशीत पहिल्यांदाच समुद्री होडीचं प्रात्यक्षिक! जालन्याचे सुप्रसिद्ध अडत व्यापारी..." शेठनं पुंजारामकडं असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर वाळून गेला असता. पुंजाराम हसून म्हणाला, "कोणालाच सांगितलं न्हाई शेठ. घरचीच माणसं हायत."

शाल आली, नारळ आला. फेटा बांधताना बांधणाऱ्यानं शेठचे दोन्ही कान आत घेतले. मग वाजतगाजत सगळे तळ्यावर गेले.

इथं शेततळ्याबद्दल सांगणं भाग आहे, कारण शहरातली माणसं त्याला तळं समजतात. ते तळं नसतं. तो चारी बाजूंनी उतरता खड्डा असतो आणि पाणी मुरू नये म्हणून त्याला वरपासून खालपर्यंत काळा प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. आत पडलेलं कुत्रं बाहेर येत नाही. माणूसही येत नाही, पोहता येत असलं तरी, कारण त्या ओल्या कागदावर पाय ठरत नाही. म्हणून शहाणा शेतकरी कोपऱ्यात गाठी मारलेला दोर सोडून ठेवतो. पुंजारामनंही ठेवला होता. त्या दिवशी तो दोर जागेवर नव्हता.

शेठ काठावर उभे राहिले आणि खाली पाहिलं. पाणी बरंच खोल गेलं होतं. कागद उन्हात चमकत होता. 'तळ्यात उतरू नये' अशी पाटी होती, तिच्यावर कोणीतरी हार घातला होता. शेठनं जाकीट अंगात घातलं. ते शिखाचं. पोटावर त्याच्या पट्ट्यांची दोन टोकं एकमेकांपासून वीतभर लांब राहिली.

तेव्हा शेठना कळलं. मोंढ्यात माल बघताच हाताला जसं कळतं, तसं लख्ख कळलं, की इथं उतरायचं नाही. दोर कुठाय हे विचारायचं, न मिळाल्यास परत फिरायचं. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण डोक्यावर फेटा होता, नारळ फुटला होता, बायका पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या होत्या आणि गोरक्षनाथ माईकवर म्हणत होता, "शेठ आता पाण्यात उतरून राह्यले!" एवढ्या लोकांसमोर 'नको' कसं म्हणायचं? काठावर टेकवलेल्या होडीत ते बसले आणि त्यांनी मागं पाहिलं. पुंजारामला वाटलं, शेठ इशारा करून राह्यले. त्यानं होडीला धक्का दिला.

होडी कागदावरून सुटली ती थेट पाण्यात. पहिल्या आपट्यात वल्हं हातातून गेलं, दुसऱ्यात शाल. होडी डुचमळत तळ्याच्या मध्यावर गेली आणि थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ दोन्ही हात पाण्यात घालून होडी काठाकडं रेटू लागले. काठ आला. एक पाय त्यांनी कागदावर टाकला, तो सरकला, होडी उलटली आणि शेठ पाण्यात गेले.

"शेठनं डुबकी मारली!" गोरक्षनाथ म्हणाला. पुन्हा टाळ्या.

शेठ वर आले ते पालथ्या होडीला मिठी मारून. जाकीट वर सरकून कानाशी आलं होतं, फेटा डोळ्यांवर. पायाखाली काही नव्हतं. त्यांनी काठाला हात लावला, नखं कागदावरून घसरली. पुन्हा लावला, पुन्हा घसरली. नाकातोंडात पाणी गेलं. आणि त्यांना भीती वाटली. आपण इथं, या खड्ड्यात, फेटा बांधलेल्या अवस्थेत मरणार, आणि वर लोक टाळ्या वाजवत असणार. ते जीव खाऊन ओरडले, "अरे दोर टाका रे, हरामखोरांनो!"

टाळ्या थांबल्या. दोर कुठं गेला? पुंजाराम रडकुंडीला येऊन म्हणाला, "शेठ, तुमच्या सत्काराच्या मांडवाला बांधला न्हव का!" चौघे धावले आणि दोर ओढून घेतला. मांडव पाहुण्यांवर बसला, चहाचं पातेलं कलंडलं. माईक मात्र चालू राहिला. दोर तळ्यात आला, शेठनं धरला, वरून ओढायला सुरुवात झाली. शेठ पोटावर घसटत निम्म्यापर्यंत आले. त्यांना लोकांचे पाय दिसू लागले. तेवढ्यात ओढणाऱ्यांतल्या एकाला वाटलं, याचा व्हिडिओ पाहिजे. त्यानं खिशात हात घातला, बाकीच्यांचा तोल गेला आणि शेठ, तोंडावर आपटून, दोरासकट पुन्हा खाली. आता दोरही पाण्यात.

गोरक्षनाथनं माईक दुसऱ्याकडं दिला आणि सदरा काढला. "हटा! मी उडी टाकतो."

"कोणी उतरायचं न्हाई!"

शिखा होती. तिच्यामागं, बांधावरून डबा सांभाळत, तारादेवी. घरी परातीतल्या वड्या आणि रिकामी गच्ची बघून दोघींनी चतुराबाईंना विचारलं. चतुराबाईंना सगळं माहीत होतं, कारण कमानीचा फोटो त्यांच्या मोबाइलवर सकाळीच आला होता.

"एक आत हाय तेवढा बास झाला," शिखा म्हणाली. "दुसरा पडला तर मी कोणाकोणाला काढू? मागं सरका. पप्पा! बोलू नका. जाकीट दोन्ही हातांनी खाली धरा, पाठीवर आडवे व्हा, होडी काखेत घ्या. शिव्या नंतर द्या."

शेठ आडवे झाले. आयुष्यात कोणाचं एवढं मुकाट्यानं ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. वर शिखानं मांडवातल्या दोन सतरंज्या एकमेकींना गाठ मारून जोडायला लावल्या, एक टोक ट्रॅक्टरला बांधलं आणि दुसरं उतारावरून पाण्यात सोडलं. भिजून जड झालेली सतरंजी कागदाला चिकटून बसली. तारादेवी सूर्याकडं बघत म्हणत होत्या, "जल्दी करा रे बाबांनो. सूर्य बुडला की हा पाणीसुद्धा पिणार न्हाई, उपाशी झोपंल." पोटात तळं गेलेल्या माणसाला पाण्याची काय कमी, असं कोणीतरी म्हणालं आणि पुंजारामनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

शेठ सतरंजीवरून चार पायांवर वर आले. वर येताच त्यांनी पुंजारामला, गोरक्षनाथला, व्हिडिओवाल्याला, तलावाच्या साहेबाला आणि मुंबईच्या बाईला एका दमात जे सुनावलं, ते माईक चालू असल्यामुळं शेजारच्या वस्तीवरही ऐकू गेलं. मग ते खाली बसले. शिखा त्यांना धरून गाडीकडं घेऊन गेली.

गाडीत मागच्या सीटवर तारादेवींनी त्यांना सूर्यास्ताच्या आत पुऱ्या आणि गट्ट्याची भाजी भरवली. शिखा गाडी चालवत होती आणि तिचा राग मागूनसुद्धा दिसत होता.

"वरून खाली बघितलं तेव्हा कळलं न्हाई का पप्पा?"

"कळलं होतं."

"मंग?"

"एवढी माणसं आल्ती. फेटा बांधला होता."

शिखानं मागच्या ट्रकला वाट दिली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी एका खडकाच्या बेटाला वळसा घालून जायचं होतं. आमच्यात दोन पोरं लई हुशारी करून राह्यली होती. मी थांबून लाटा बघितल्या. खडकाला आपटून उलटं येणारं पाणी मला पसंत पडलं न्हाई. मी म्हटलं, मी परत चालले. सगळे हसले. मी एकटी माघारी वल्हवत आले."

"आणि त्यांचं काय झालं?" शेठनं घास थांबवून विचारलं.

"काहीच न्हाई. वळसा घालून आले. संध्याकाळभर मला भित्री म्हणत होते."

"म्हणजे तू चुकलीस."

"न्हाई पप्पा. ते वाचले, म्हणून मी चुकले असं होत न्हाई."

शेठ चिडले. यात चिडण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच जास्त चिडले. लोक हसत असताना, आपलं खरं ठरलं नसताना, ही पोरगी परत फिरली. आणि आपण? आयुष्यात लोकांदेखत एकदा तरी मागं फिरलो का? त्यांनी खूप आठवून पाहिलं. मग पुढची पुरी घेतली.

घरी पोचले तर बैठकीत माणसं भरलेली. व्हिडिओ त्यांच्या आधी मस्तगडला पोचला होता. मधल्या खुर्चीत रतनलालकाका बसले होते. आत रुचि पोळ्या लाटत होती, त्यावरूनच शेठनं परिस्थिती ओळखली.

"ये बेटा, ये," काका म्हणाले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. "जान वाचली, भगवंताची कृपा. एक मात्र झालं, पाणी काय चीज हाय ते पोरीनं डोळ्यांनी बघितलं. आता तिचं भूत उतरलं असंल. तुझी जबान बराबर खरी ठरली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे सगळं आपोआप जुळून आलं होतं. शेठना काहीच करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची होती, आणि ती हलायला लागलीही होती. शिखा दाराशी उभी होती. मागून कोणीतरी धक्का देतंय असं शेठना वाटलं, तोच, दुपारचा.

"काकासा," शेठ म्हणाले, "शिखा उद्या जाणार."

"काय?"

"समुद्रात जाणार. मी बुडलो ते पाण्यामुळं न्हाई. तुम्हा लोकांच्या तोंडाकडं बघून बुडलो."

"आणि जबान? भर पंगतीत दिली होती!"

"दिली होती. परत घेतली."

काका काठी टेकत उठले. "मोंढ्यात तोंड कसं दाखवशील?"

"जसं हाय तसं," शेठ ओरडले, "सुजलेलं! आणि आता सगळे उठा, मला कपडे बदलायचेत!"

लोक उठले. उठताना एकजण तोंड दाबून हसला, आणि जिन्यात पोचल्यावर बाकीचेही हसले. ते सगळं वर ऐकू आलं. शेठचे कान तापले. त्यांना वाटलं, धावत जाऊन म्हणावं, अहो थांबा, मी गंमत केली. ते जागचे हलले नाहीत. ओलं धोतर जमिनीवर गळत होतं.

शिखा जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून शेठ आणखी भडकले.

"रडते कशाला? जा, सामान भर. आणि ऐक. पाणी पसंत पडलं न्हाई तर माघारी यायचं. कोणाच्या बापाला घाबरायचं न्हाई. समजलं?"

"हो पप्पा."

"आणि ते दोघं. मागच्या वर्षी हसले ते."

"त्यांचं काय?"

"त्यांची नावं सांगून जा मला."